भिंती नसलेलं छप्पर

१२ ऑगस्ट १९३७. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेनॉक्स गावाजवळ, एका जुन्या बंगल्याच्या आवारात भलामोठा तंबू उभारला होता. आत बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाग्नरचं संगीत वाजवत होता. मध्येच आभाळ फाटलं. कापडावर पावसाचा असा ताशा कडाडू लागला की वादन थांबवावं लागलं. एक रचना तर त्या संध्याकाळी गाळावीच लागली. जंगलातली सळसळ टिपणारं इतकं हळुवार संगीत त्या माऱ्यात कुणाला ऐकू येणार? मध्यंतरात इथल्या उन्हाळी संगीत महोत्सवाच्या एक संस्थापक गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ मंचावर आल्या आणि त्यांनी पक्क्या वास्तूसाठी लोकांकडे पैसे मागितले. आराखड्याला हात घालता येईल एवढा निधी थोड्याच दिवसांत जमला.

त्या आवाराचं, म्हणजे टँगलवूडचं, आजचं रूप या पावसातून घडलं आहे.

बॉस्टनहून मोटारीने पश्चिमेकडे निघालं की साधारण अडीच तासांत बर्कशायरचे डोंगर लागतात. फार उंच नाहीत, पण दाट झाडीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क-बॉस्टनच्या धनिकांनी इथे उन्हाळ्यासाठी प्रासाद बांधले आणि त्यांना ते ‘कॉटेज’ म्हणत. त्याच्याही आधी, १८५० मध्ये, नॅथॅनिएल हॉथॉर्न हा कादंबरीकार टप्पन कुटुंबाच्या एका लहानशा लाल घरात राहायला आला. खिडकीतून खालचं स्टॉकब्रिज बोल तळं दिसायचं. ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ ही कादंबरी त्याने इथेच लिहिली. ‘टँगलवूड’ हे नावही त्याचंच. मुलांसाठी लिहिलेल्या ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकांत त्याने ते वापरलं आणि पुढे टप्पनांच्या इस्टेटीला तेच चिकटलं.

महोत्सवाची सुरुवात मात्र दुसरीकडे झाली. १९३४ मध्ये जवळच्याच एका फार्मवर, घोड्यांच्या स्पर्धेच्या रिंगणात, न्यूयॉर्कच्या वादकांनी पहिले कार्यक्रम केले. १९३६ मध्ये संचालक सर्ज कुसेवित्स्की आपला बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन आले. त्यांच्या तीन कार्यक्रमांना मिळून जवळपास १५ हजार माणसं लोटली. ही गर्दी पाहून टप्पन घराण्यातल्या दोघींनी २१० एकरांची इस्टेट, घरं आणि कुरणांसकट, ऑर्केस्ट्राला देऊन टाकली. ५ ऑगस्ट १९३७ रोजी इथला पहिला कार्यक्रम झाला. त्या दिवशी फक्त बेटोव्हन वाजला. आणि आठवड्याभरात तो पाऊस आला.

नव्या वास्तूसाठी बोलावलं होतं फिनलंडचे नामांकित वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांना. त्यांचा आराखडा एक लाख डॉलरच्या मर्यादेत बसेना. त्यांनी काटछाट केली, तरी बसेना. शेवटी त्यांनी कळवलं की एवढ्याच पैशांत करायचं असेल तर हाती नुसती शेड येईल, आणि ती बांधायला वास्तुरचनाकार कशाला हवा? समितीने ते शब्दशः घेतलं. स्टॉकब्रिजचे अभियंता जोसेफ फ्रान्झ यांनी आराखडा आणखी साधा केला आणि ४ ऑगस्ट १९३८ रोजी पंख्याच्या आकाराचं, तिन्ही बाजूंनी उघडं छप्पर संगीतासाठी खुलं झालं. आज त्याला कुसेवित्स्कींचं नाव आहे, तरी लोक त्याला ‘द शेड’च म्हणतात. आत सुमारे पाच हजार खुर्च्या आहेत.

पैसे पुरले असते तर इथे कदाचित देखणं, बंदिस्त सभागृह उभं राहिलं असतं आणि बाहेरची हिरवळ फक्त बगिचा म्हणून उरली असती. भिंती नसल्याने ती हिरवळही प्रेक्षागृह झाली. कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधीपासून माणसं येऊ लागतात. कुणी चादर अंथरतं, कुणी घडीचं टेबल मांडून त्यावर पांढरं कापड आणि मेणबत्त्या ठेवतं. मुलं हुंदडतात, आजोबा खुर्चीत डुलकी काढतात. पहिला सूर लागला की गलका विरतो. हिरवळीवर आवाज ध्वनिक्षेपकांतून येतो. वाद्याचा निखळ नाद हवा असलेल्यांनी आतली खुर्चीच घ्यावी. पण उताणं पडून, आभाळ काळवंडताना पाहत ब्राम्स ऐकण्याचं सुख फार थोड्या ठिकाणी मिळतं.

कुसेवित्स्कींना नुसते जलसे नको होते. १९४० मध्ये त्यांनी इथे तरुण संगीतकारांसाठी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत पुढे संचालक आणि संगीतकार म्हणून गाजलेला २१ वर्षांचा लिओनार्ड बर्नस्टाइन होता. १९५८ च्या उन्हाळ्यात इथे शिकायला आलेल्यांत मुंबईत जन्मलेला २२ वर्षांचा झुबिन मेहता होता. बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचा हा मुलगा. संचालनाचं पहिलं पारितोषिक त्याच्या व्हिएन्नातल्या सहाध्यायी क्लाउदिओ आबाडोला मिळालं आणि दुसरं झुबिनला. पुढे दोघांनीही जगातले मोठमोठे ऑर्केस्ट्रा सांभाळले.

टँगलवूडची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट मात्र १९८६ च्या जुलैमधली आहे. १४ वर्षांची मिदोरी बर्नस्टाइनचीच ‘सेरेनेड’ व्हायोलिनवर वाजवत होती आणि संचालन खुद्द बर्नस्टाइन करत होते. तिची तार तुटली. तिने शांतपणे ऑर्केस्ट्राच्या मुख्य व्हायोलिनवादकाचं वाद्य घेतलं. त्याचीही तार तुटली. मग तिसरं व्हायोलिन घेतलं आणि रचना पूर्ण केली. तिचं स्वतःचं वाद्य आकाराने थोडं लहान होतं. म्हणजे अनोळखी, मोठ्या व्हायोलिनवरही तिची बोटं चुकली नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. चार वर्षांनी, १९ ऑगस्ट १९९० रोजी, बर्नस्टाइन यांनी आयुष्यातला शेवटचा कार्यक्रम केला, तोही याच शेडमध्ये. बेटोव्हनची सातवी सिंफनी वाजवून ते उतरले आणि ऑक्टोबरमध्ये गेले.

१९९४ मध्ये शेजारच्या जागेवर ओझावा हॉल उभा राहिला. या वेळी त्याची मागची भिंत मुद्दाम उघडेल अशीच बांधली, म्हणजे तिथल्या उतारावरही माणसं बसू शकतात. १९३८ ची तडजोड इथे शहाणपण म्हणून स्वीकारली गेली.

उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे बॉस्टन-न्यूजर्सीला जाणाऱ्या मराठी आईबाबांनी एक शनिवार-रविवार इथे काढावा. हंगाम जूनअखेर ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंत असतो. हिरवळीचं तिकीट खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि घरचा डबा नेता येतो. सोबत सतरंजी न्या, आणि शालही न्या. ऑगस्टमध्येसुद्धा सूर्य मावळला की त्या डोंगरात गारवा उतरतो.