बारीक अंग, तरी रक्तदाब का?



आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाऊ नवी मुंबईत, वाशीच्या बाजार समितीत नाहीतर कंपन्यांत कामाला आहेत. "आम्ही अंगाने बारीक, आम्हाला कसला बीपी अन् कसली साखर?" असे तेही म्हणतात, गावाकडचेही म्हणतात. हा समज घातक आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

ऊस उंच दिसला म्हणून उतारा चांगला पडेलच असे नाही. शरीराचेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

पोटात चरबी साठली की रक्तातले ॲडिपोनेक्टिन हे उपकारक प्रथिन घटते आणि दाह दाखवणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढते. अशा शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढू लागतो.

या प्रथिनांची तपासणी सर्वांनी करण्याची गरज नाही. कमरेचा घेर टेपने मोजावा. पुरुषांचा ९० किंवा स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेल्यास सावध व्हावे. तिशीनंतर रक्तदाब व साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी आणि शहरातल्या मुलांनाही तसे बजावून सांगावे.