संस्थांना क्लाउडसेवेचे दान : घ्यावे, पण हिशेबाने

आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधव दुकान-कारखाना सांभाळून एखाद्या शिष्यवृत्ती ट्रस्टचे, प्रशिक्षण केंद्राचे किंवा कारागिरांच्या संघटनेचे विश्वस्त म्हणून काम पाहतात. अशा संस्थेचे विद्यार्थ्यांचे अर्ज, देणगीदारांच्या याद्या आणि पावत्या आज संगणकावर असतात. तो संगणक बहुधा कार्यालयाच्या एका कोपऱ्यात असतो आणि तो बिघडला की वर्षावर्षांची नोंद जाते. मग बैठकीत एखादा तरुण सभासद सुचवतो, ‘मोठ्या कंपन्या संस्थांना क्लाउड फुकट देतात, अर्ज करून टाकू.’ सूचना चांगली आहे. मात्र दुकानासाठी गाळा घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी येथेही करायला हवी.

दान नेमके कशाचे?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या संगणक केंद्रातील यंत्रे व साठवणुकीची जागा इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. अमेझॉनने २००६ मध्ये ही सेवा विकण्यास सुरुवात केली. आज अशी केंद्रे आपल्या राज्यातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत सेवा सुरू केली. भाडे विजेच्या मीटरप्रमाणे, म्हणजे वापराल तेवढे.

संस्थेला मिळणारे दान रोख नसते आणि यंत्राच्या रूपातही नसते. कंपनी संस्थेच्या खात्यावर ठरावीक रकमेचे ‘क्रेडिट’ जमा करते आणि वापराचे बिल त्यातून वळते होते. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांत १ अब्ज डॉलर किमतीची क्लाउडसेवा देण्याचे आणि ७०,००० संस्थांपर्यंत पोहोचण्याचे जाहीर केले होते. अमेझॉन आणि गूगल यांच्याही अशा योजना आहेत. संस्थेची कागदपत्रे तपासून अशा देणग्या पोहोचविण्याचे काम ‘टेकसूप’सारख्या मध्यस्थ संस्था करतात. टेकसूपची स्थापना १९८७ मध्ये अमेरिकेत झाली.

मोठ्यांचे अनुभव

गाळ्याचे भाडे माफ असले तरी मीटर चालूच असतो, हे मोठ्या संस्थांनाही अनुभवाने कळले. ‘कुबरनेटीस’ हे मोठ्या संगणकांवरील कामकाज सांभाळणारे, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे सॉफ्टवेअर आहे. ते चालविणाऱ्या ना-नफा संघटनेला ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलने तीन वर्षांसाठी ९० लाख डॉलरचे क्रेडिट दिले. रक्कम प्रचंड होती, पण जगभरातून हे सॉफ्टवेअर उतरवून घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि क्रेडिटचा मोठा हिस्सा या वितरणातच जाऊ लागला. अखेर २०२२ मध्ये संघटनेने वितरणाची नवी व्यवस्था उभारली. अमेझॉनच्या केंद्रात बसलेल्या ग्राहकाला माल अमेझॉनच्याच साठ्यातून मिळू लागला. त्याच वर्षी अमेझॉनने ३० लाख डॉलरचे क्रेडिट जाहीर केले. माल ठेवण्यापेक्षा माल बाहेर पाठविण्याचा खर्च जास्त, हा व्यापारातला अनुभव येथेही खरा ठरला.

दुसरे उदाहरण ‘फ्रीडेस्कटॉप’ या लिनक्सच्या स्वयंसेवी प्रकल्पाचे. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदलाची चाचणी यंत्राकडून आपोआप होत होती. त्यामुळे २०२० मध्ये वर्षाचे क्लाउड बिल ७५,००० डॉलरवर जाईल असा अंदाज निघाला आणि या चाचण्या बंद कराव्या लागतील असा इशारा व्यवस्थापनाला द्यावा लागला. पुढे त्यांना एका कंपनीचे दानातील सर्व्हर मिळाले. पण त्या कंपनीने तो व्यवसायच आवरता घेतला आणि एप्रिल २०२५ अखेर सर्व्हर सोडण्यास सांगितले. सगळा संसार हलवून प्रकल्पाला भाड्याच्या जागेत जावे लागले.

दानाच्या अटीही बदलतात. मायक्रोसॉफ्टचे संस्थांसाठीचे वार्षिक क्लाउड क्रेडिट पूर्वी ३,५०० डॉलर होते, ते पुढे २,००० डॉलरवर आले. कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या वरच्या दर्जाचे १० परवाने ही कंपनी विनामूल्य देत असे, तेही जुलै २०२५ पासून नूतनीकरणाच्या वेळी बंद झाले आणि साधे परवाने तेवढे विनामूल्य राहिले. यात फसवणूक नाही. देणाऱ्याने आपल्या सोयीने दिले, घेणाऱ्याने आपल्या सोयीची व्यवस्था करायची असते.

अर्ज कोणी करावा?

सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी यांना साधारणपणे अर्ज करता येतो. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि आयकर नोंदणीचे कागद तयार ठेवावेत. संस्थेचे नाव सर्व कागदांवर एकाच तऱ्हेने लिहिलेले असावे, कारण स्पेलिंगमधील फरकामुळेही अर्ज अडकतो. सभासदांना नफा वाटणारी सहकारी सोसायटी या योजनांत सहसा बसत नाही. शाळा व रुग्णालये गूगलच्या संस्थांसाठीच्या योजनेतून वगळलेली आहेत. शाळांसाठी त्यांची वेगळी योजना आहे.

उभारणीचा क्रम

पहिली गोष्ट म्हणजे संस्थेच्या नावाचा इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावे आणि संस्थेच्याच पैशाने घ्यावे. तो खर्च किरकोळ असतो. त्यावर संस्थेचा ईमेल सुरू करून त्याच ईमेलने अर्ज करावा. अनेक ठिकाणी हे काम चिटणिसाचा भाचा आपल्या खासगी ईमेलवर आणि आपल्या मोबाइल नंबरवर करून देतो. तो प्रामाणिक असतो, पण नोकरीसाठी परगावी जातो, नंबर बदलतो आणि संस्था आपल्याच दारात बाहेर उभी राहते. म्हणून मुख्य खात्याच्या चाव्या दोन विश्वस्तांकडे असाव्यात, पासवर्डबरोबर दुसरी पडताळणी लावावी आणि रोजच्या कामासाठी कमी अधिकारांचे वेगळे खाते द्यावे.

दुसरी गोष्ट, गरज तेवढेच घ्यावे. चार पानांचे संकेतस्थळ आणि दहा जणांचा ईमेल यासाठी चोवीस तास चालणारा सर्व्हर लागत नाही. यंत्र दुकानाच्या वेळेपुरतेच लागत असेल तर रात्री बंद ठेवावे. केंद्र निवडताना मुंबई किंवा पुण्याचे निवडल्यास वेग चांगला मिळतो.

तिसरी गोष्ट, खाते उघडताच खर्चाची मर्यादा लिहून सूचना लावावी. क्रेडिट अर्धे संपले, पाऊण संपले की दोन विश्वस्तांना ईमेल यावा. मात्र ही सूचना केवळ इशारा देते, खर्च थांबवत नाही. क्रेडिट संपले म्हणजे सेवा आपोआप बंद होईल असे धरू नये. कार्ड दिलेले असेल तर पुढचे बिल त्यावर येऊ शकते. शिवाय क्रेडिटला मुदत असते आणि उरलेली रक्कम सहसा पुढील वर्षात ओढता येत नाही. नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.

चौथी गोष्ट, सर्व नोंदींची एक प्रत क्लाउडबाहेर असावी. दर महिन्याला हार्ड डिस्कवर प्रत काढून ती कुलपात ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा ती खरोखर उघडते का हे पाहावे.

जबाबदारी विश्वस्तांची

शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलांची नावे, पालकांचे उत्पन्न, बँक खात्याचे क्रमांक असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जागा कंपनीची असली तरी कुलूप कोणाकडे आणि दार कोणाला उघडे, हे ठरविणारी संस्थाच असते. दान परदेशी कंपनीकडून येत असल्यास ते हिशेबात कसे दाखवावे, हे सनदी लेखापालाला आधीच विचारून घ्यावे.

अर्ज करण्यापूर्वी विश्वस्तांच्या बैठकीत एक साधा आकडा मांडावा. उद्या हे दान बंद झाले, तर हीच सेवा चालू ठेवायला वर्षाला किती रुपये लागतील? तेवढी रक्कम संस्था उभी करू शकत असेल तर दान निश्चिंतपणे घ्यावे आणि वाचलेला पैसा मुलांच्या फीसाठी वापरावा. आकडा आवाक्याबाहेरचा वाटत असेल तर मांडणी लहान करावी. गाळा घेताना भाडे माफ असले तरी आपण हीच बेरीज करतो.