संकेतांचा हिशेबनीस : डीएसपी चिप आणि हार्बरची गाडी

‘विद्युत्‌मंडलात डिजिटल सिग्नल प्रोसेसरचा उपयोग’ हे विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना वाटेल की, ही इंजिनियरांच्या वर्गातली गोष्ट. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी व्याख्यानाला येणाऱ्या नागरिकाचा तिच्याशी काय संबंध? परंतु रे रोड स्टेशनावर जो मनुष्य रोज सकाळी गाडीत चढतो आणि सायंकाळी उतरतो, त्याचा या विषयाशी दिवसातून निदान दोनदा संबंध येतोच. म्हणून त्या स्टेशनापासूनच आरंभ करू.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाचे हे स्टेशन. १९१० साली कुर्ल्याहून येणारी हार्बरची वाट येथेच संपत असे. पुढे ती व्हिक्टोरिया टर्मिनसला जोडली गेली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी याच वाटेने कुर्ल्यास गेली. तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. तो पुढे नव्वदाहून अधिक वर्षे टिकला आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला.

जुन्या गाडीत वेग वाढविण्याची रीत साधी होती. मोटारीच्या वाटेत अवरोध घालावयाचे, ते खटके पाडून एकेक काढावयाचे, म्हणजे मोटारीस अधिकाधिक वीज मिळे. पण गाडी सुटताना बरीचशी वीज त्या अवरोधांत उष्णता होऊन वाया जाई. नव्या गाड्यांत त्रिकला मोटार असते. तिचा वेग मुख्यतः प्रवाहाच्या दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून असतो. म्हणून तारेतील वीज उतरवून, एकदिश करून, मग अर्धवाहकांच्या शीघ्र स्विचांनी तिचे बारीक तुकडे पाडतात आणि त्या तुकड्यांतून हवी तितकी आवर्तने घडवितात. गाडी सुटताना जो चढत जाणारा सूर ऐकू येतो तो या तुकडे पाडण्याचाच. उलट, गाडी थांबताना हीच मोटार जनित्र होऊन वीज तारेत परत पाठविते.

आता प्रश्न असा की, कोणता स्विच कोणत्या क्षणी उघडावा हे कोण ठरविणार? सेकंदात हजारो वेळा हा निर्णय घ्यावा लागतो, आणि चुकला तर स्विच जळतो. हे काम मनुष्याचे नव्हे, खटक्यांचेही नव्हे. ते काम डीएसपी किंवा त्याच जातीच्या शीघ्र गणित करणाऱ्या चिपचे.

ही चिप करते तरी काय? मोटारीतील प्रवाह हा समुद्राच्या लाटेसारखा अखंड चढत-उतरत असतो. चिपला अखंड लाट कळत नाही; तिला आकडे कळतात. म्हणून ठराविक अंतराने लाटेची उंची मोजून तिचे आकडे करावयाचे. यास नमुने घेणे म्हणतात. डिजिटल टेलिफोनमध्ये आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० घेतात. एकदा आकडे हाती आले की उरतो तो हिशेब: प्रत्येक नमुन्याला एका ठरलेल्या संख्येने गुणा, मागच्या बेरजेत मिळवा, पुन्हा गुणा, पुन्हा मिळवा. गोंगाट गाळणे, सूर ओळखणे, मोटारीचा पुढचा क्षण वर्तविणे, या साऱ्यांच्या मुळाशी बहुतांशी हीच गुणाकार-बेरीज असते.

साध्या प्रोसेसरलाही गुणाकार येतो; परंतु जुन्या प्रोसेसरांना एकेका गुणाकारास पुष्कळ पावले चालावी लागत. डीएसपीमध्ये गुणाकाराचे स्वतंत्र यंत्रच बसविलेले असते. शिवाय आज्ञा एका वाटेने आणि आकडे दुसऱ्या वाटेने येतात, म्हणून एकासाठी दुसरे खोळंबत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७८ साली मुलांना इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग बोलून शिकविणारे एक खेळणे काढले. त्यातील बोलणारी चिप ही या घराण्याची एक पूर्वज. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याच कंपनीची टीएमएस ३२०१० ही चिप आली. तिची एक आज्ञा २०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात, पुरी होई.

हिशेब करून पाहू. सेकंदाला १०,००० नमुने घेतले तर दोन नमुन्यांमध्ये १०० मायक्रोसेकंद मिळतात. गोंगाट गाळण्यासाठी मागचे ६४ नमुने गुणून मिळवावयाचे आहेत. त्या चिपला प्रत्येकास दोन आज्ञा लागत, म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद, ६४ नमुन्यांस २५.६. वेळेचा साधारण चौथा हिस्सा खर्च झाला. बाकीचा पुढच्या निर्णयास मोकळा राहिला. येथे ‘जलद’ या शब्दाला नेमका अर्थ आहे: पुढचा नमुना येण्याच्या आत काम संपले पाहिजे. उत्तर बरोबर असून उशिरा आले, तर ते चुकीच्याच किमतीचे.

चिप एकटी मात्र काही करू शकत नाही. तिच्या अलीकडे प्रवाह मोजणारे साधन, एक गाळणी आणि नमुन्यांचे आकडे करणारे मंडल असते. पलीकडे तिचा दुबळा आदेश बलवान करून स्विचाला देणारे मंडल. तिला स्फटिकाच्या घड्याळाचा ताल हवा, जवळच लहान धारित्रे हवीत, आणि कार्यक्रम मध्येच अडकला तर तिला जागे करणारा पहारेकरीही हवा. या परिवारात सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे अलीकडची गाळणी. तिच्यावर किती अवलंबून असते ते आता सांगतो.

चित्रपटात धावत्या गाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते, हे सर्वांनी पाहिले असेल. चाक सुलटेच फिरत असते. कॅमेऱ्याची चित्रे त्याच्या वेगाला अपुरी पडतात म्हणून डोळा फसतो. नमुन्यांचेही तसेच आहे. सेकंदाला १,००० नमुने घेतले आणि मंडलात ९५० आवर्तनांचा गोंगाट शिरला, तर आकड्यांत तो हुबेहूब ५० आवर्तनांची लाट म्हणून दिसतो. मग कितीही हुशार कार्यक्रम लिहा, खरी लाट कोणती आणि सोंग कोणते हे त्याला ओळखता येत नाही. कारण आकडे दोहोंचे एकच.

रुळांच्या बाबतीत हे सोंग जिवावर बेतू शकते. रुळांतून एक क्षीण प्रवाह सोडलेला असतो. तो पलीकडे पोचला तर वाट मोकळी. मध्ये गाडी उभी असेल तर तिची चाके आणि आस तो तेथेच वळवितात आणि सिग्नल लाल होतो. मोटारींचा प्रवाहही याच रुळांतून परत जातो. म्हणून भारतीय रेल्वेने, जेथे दोन्ही प्रकारच्या विजेच्या गाड्या येत असत तेथे, या कामास ८३ १/३ आवर्तने निवडली. ती ५० च्या कोणत्याही पटीत बसत नाहीत. आता अशा क्षीण प्रवाहाचा ग्राहक डीएसपीने बांधला, नमुने १,००० घेतले आणि गाळणी बसविली नाही, असे समजा. कुठून तरी ९१६ २/३ आवर्तनांचा गोंगाट आला, तर १,००० वजा ९१६ २/३ बरोबर ८३ १/३! गाडी रुळावर उभी असता ‘वाट मोकळी’ असे उत्तर निघेल. म्हणूनच जबाबदार इंजिनियर एकाच खुणेवर विसंबत नाहीत. संकेताला विशिष्ट ठसा देतात, दोन स्वतंत्र हिशेब करून ताडून पाहतात, आणि शंका आली की सिग्नल लाल ठेवतात.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूस आपले केंद्र काढले, आणि तेव्हापासून चिपांचे आराखडे करण्याच्या कामात भारतीय इंजिनियरांचाही हात आहे. आपल्या लॅमिंग्टन रोडवर विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत शिकाऊ पट्ट्या मिळतात. ज्या तरुणांना हौस असेल त्यांनी अशी पट्टी जरूर घ्यावी. परंतु मोटार फिरविण्यापूर्वी एक प्रयोग करावा. माहीत असलेली लाट आत सोडावी, आवर्तने हळूहळू वाढवीत न्यावी आणि ती कोठे सोंग घेऊ लागते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग गाळणी बसवून तेच पुन्हा पाहावे.

चिप हिशेबात चुकत नाही. परंतु तिच्या हाती काय पडते हे तिला समजत नाही. खोटे आकडे तिला द्याल तर त्यांचेही ती बिनचूक गणित करील. तिच्या हाती खरे आकडे पोचतील हे पाहणे, आणि शंकेच्या वेळी थांबण्याची आज्ञा आधीच लिहून ठेवणे, हे काम माणसाचे आहे. हार्बरच्या गाडीत उभ्याने प्रवास करणारा प्रत्येक जण त्या माणसाच्या दक्षतेवर विश्वास ठेवूनच गाडीत पाऊल टाकतो.