गंगाधर आणि दहा फुटांची काठी

तुम्ही एका दगडी बोळात उभे आहात. हातातली मशाल अजून अर्धा तास टिकेल. समोर लाकडी दार आहे आणि दारापलीकडून काहीतरी घासत नेल्यासारखा आवाज येतोय. काय कराल?

मी म्हटलं, "पुढे जाते, दार उघडते."

आमच्या सीनियरने वहीच्या आड एक फासा टाकला, आकडा बघितला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "दारापुढची फरशी खचली. दहा फूट खाली." दुसरा फासा पडला. तीन. माझा जादूगार गंगाधर याच्याकडे दोनच हिट पॉइंट्स होते. खेळ सुरू होऊन चाळीस मिनिटंही झाली नव्हती.

मी भांडले. साहजिक आहे! गंगाधरची बुद्धी १५ होती, असा माणूस खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकेल का? सीनियर म्हणाला, "बुद्धी त्याची होती गं. पण खाली बघायचं तू होतं."

हे वाक्य मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतेय. म्हणून हा लेख.

आम्ही खेळत होतो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे डी अँड डी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे माहीत असेल. १९८३ साल, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं गाव, तळघरात टेबलाभोवती बसलेली चार पोरं आणि डेमोगॉर्गन. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली एकेक व्यक्तिरेखा होतात, आणि जिथे नशिबाचा भाग येतो तिथे फासे टाकतात. ना बोर्ड लागतो, ना स्क्रीन. पण आम्ही खेळलो ती दुकानात मिळणारी नवी आवृत्ती नव्हती. ते १९८१ चे नियम होते. पीडीएफ रीतसर विकत घेतलेली, प्रिंट कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडची. चौसष्ट पानं, बस्स. नव्या आवृत्तीचं २०२४ मध्ये आलेलं नुसतं खेळाडूंचं पुस्तकच ३८४ पानांचं आहे.

आता प्रश्न असा, की आपल्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीचे नियम आपण का खेळायचे? अमेरिकेतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांचं समजू शकतं. त्यांच्यासाठी ते बालपण आहे. कुणाला १९८३ चा लाल खोका आठवतो, ज्याच्यावर लॅरी एल्मोरने काढलेला लाल ड्रॅगन होता. कुणाला खोक्यातले फासे आठवतात. त्या स्वस्त फाशांवरचे आकडे रंगवलेले नसायचे, सोबत मेणाचा खडू मिळायचा आणि आकडे आपणच भरायचे. १९७९ च्या आसपास तर फाशांचाच तुटवडा पडला, तेव्हा खोक्यात आकडे छापलेल्या कागदी चिठ्ठ्या यायच्या. कापा, पेल्यात टाका आणि उचला. आमच्या घरी भिशीची चिठ्ठी अशीच निघते.

पण माझ्याकडे यातली एकही आठवण नाही. तरीही ती प्रिंट हातात घेतल्यावर काहीतरी हललं. आपल्यातले किती जण रिळाचा कॅमेरा घेऊन फिरतात, तसंच हे असेल असं मला आधी वाटलं होतं. जुनं दिसतं म्हणून भारी. गंगाधर मेल्यावर ते मत बदललं.

थोडा इतिहास, पटकन. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ १९७४ मध्ये आणला. विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव, टीएसआर नावाची घरगुती कंपनी, तीन छोट्या पुस्तिकांचा खोका, दहा डॉलर किंमत. पहिल्या हजार प्रती हातांनीच जुळवल्या होत्या. मग सत्तरच्या दशकाअखेरीस जाड पुठ्ठ्याची ‘ॲडव्हान्स्ड’ पुस्तकं आली, सोबत नवशिक्यांसाठी सोप्या नियमांचे खोके. १९८९ ला दुसरी आवृत्ती. टीएसआर बुडायला आली तेव्हा, १९९७ मध्ये, ती विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली. विझर्ड्सला पुढे हॅस्ब्रोने. २००० ला तिसरी आवृत्ती, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी, २०२४ ला पाचवीचीच सुधारलेली. प्रत्येक वेळी मागे राहिलेले लोक होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटलं की खरा खेळ तो आधीचाच.

गंमत म्हणजे मागे राहिलेल्यांना कशाकशाची आठवण येते बघा. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत चांगलं. क्लासातल्या रँकसारखं. त्यातून ‘थॅको’ नावाचं एक वजाबाकीचं प्रकरण निघालं, ज्याच्यावरचे विनोद अजून संपलेले नाहीत. त्याच्याबद्दलही गहिवरून बोलणारे लोक आहेत! यात मला काही थोर दिसत नाही. वजाबाकी ती वजाबाकी.

थोर आहे ते वेगळंच. १९८१ च्या नियमांत एक गॉब्लिन मारला तर अनुभवाचे ५ गुण मिळतात. पण खजिन्यातलं एक सोन्याचं नाणं गुहेबाहेर आणलं की १ गुण. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला २००० गुण लागतात. आता करा हिशोब. एकट्याने चारशे गॉब्लिन कापायचे, की गपचूप दोन हजार नाणी उचलून पळायचं? नियमच तुम्हाला सांगतात की लढाई हा मूर्खाचा धंदा आहे. बोला, फसवा, लाच द्या, मागच्या दाराने जा. समोर राक्षस आला तरी तो हल्ला करेलच असं नाही. डंजन मास्टर दोन फासे टाकतो आणि त्यांच्या बेरजेवर त्याचा मूड ठरतो. दोन पडले तर अंगावर येतो. बारा पडले तर चक्क दोस्ती.

आणि लढायचंच ठरवलं तर? पहिल्या पातळीच्या जादूगाराला साधारणपणे जास्तीत जास्त चार हिट पॉइंट्स असतात. साध्या नियमाने कुठल्याही हत्याराचा घाव म्हणजे एक सहाचा फासा. म्हणजे नशीब जोरावर असताना मिळालेले चारही पॉइंट्स पहिल्याच घावात संपण्याची शक्यता निम्मी. शून्य म्हणजे मेला. नव्या आवृत्तीत शून्यावर गेल्यावरही फासे टाकून वाचायची संधी असते, आणि एक रात्र नीट झोपलं की सगळे पॉइंट्स परत. जुन्यात अख्खा दिवस विश्रांती घेतली तर एक ते तीन परत येतात. मशाल तासभर टिकते, आणि मास्टर खरंच मोजत असतो. दर वीस मिनिटांनी भटका प्राणी येतो का बघायला फासा पडतो. त्यामुळे तुम्ही दारासमोर उभं राहून फार चर्चाही करू शकत नाही.

माझी पाचव्या आवृत्तीतली व्यक्तिरेखा दीड वर्ष जगली. तिची पार्श्वभूमी मी तीन पानं लिहिली होती. तिला एकदाही भीती वाटली नाही, कारण मलाच वाटली नव्हती. शोधायचं असलं की मी कागदावरचा आकडा बघून फासा टाकायचे, पंधराच्या वर पडला की सापळा दिसायचा. कुठे बघितलं, कशाने ढोसलं, कुणी विचारायचंच नाही. १९८१ च्या त्या बोळात मात्र कागदावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून समोर बघावं लागलं. (मी बघितलं नाही, ते सोडा.)

याच काळातलं ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे गायगॅक्सचं साहस तर मुरलेल्या खेळाडूंची जिरवायलाच लिहिलेलं आहे. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड उघडं, आत मिट्ट काळोख. त्या तोंडात शिरलात की संपलात. फासा नाही, दुसरी संधी नाही. १९७५ पासून लोक त्या तोंडात शिरतायत.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळून नुसते गोडवे गायले तर मला माझीच लाज वाटेल. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ताकदीच्या तक्त्यात बाईला पुरुषापेक्षा कमी कमाल मर्यादा होती. ड्रॅगनच्या जगात अग्नी ओकणारा सरडा चालतो, पण बाईच्या दंडात पुरुषाइतकं बळ चालत नाही! एल्फ आणि बुटक्यांना ठरावीक पातळीच्या वर जायला बंदी. चित्रांतल्या कित्येक बायकांचे कपडे गुहेतल्या थंडीचा विचार करून शिवलेले नव्हते, इतकंच म्हणते.

आणि आपला राक्षस! हो, १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ याच नावाने एक प्राणी आहे. तोंड वाघाचं, अंगात साहेबी घरगुती कोट, हातात पाईप. मंतरलेल्या बाणाने मरतो. कोकणातल्या दशावतारात दणदणत येणारा संकासुर ज्याने पाहिलाय त्याला हा कोण पाहुणा, असा प्रश्न पडेल. तो मंतरलेला बाण रामायणातून आलेला नाही. १९७४ च्या ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन मालिकेच्या एका भागात राक्षस होता, आणि तिथे तो असाच मरतो. मला राग यायला हवा होता बहुतेक. पण तो पाईप बघून मी इतकी हसले की राग राहून गेला.

शिवाय ‘जुना खेळ म्हणजे मोकळीक’ हेही अर्धंच खरं आहे. ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ती काढताना खुद्द गायगॅक्सला सगळीकडे एकसारखे नियम हवे होते. मोकळीक लोकांनी घेतली, कारण नियम अपुरे होते.

मग तरीही मला हे जुनं महत्त्वाचं का वाटतं? त्याचं कारण खेळात नाही, बाहेर आहे. २००९ मध्ये कंपनीने जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफची विक्री एका फटक्यात बंद केली. त्या परत मिळायला २०१३ उजाडलं. जानेवारी २०२३ मध्ये, दोन दशकं ज्या खुल्या परवान्यावर बाहेरचे लेखक डी अँड डीसाठी साहित्य लिहीत होते, तोच बदलायचा घाट घातला गेला. खेळाडू इतके चिडले, सदस्यत्व रद्द करायला लागले, की कंपनीला माघार घ्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये अजून एक. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या डिजिटल साधनात जुने मंत्र जाऊन नवे येणार, असं जाहीर झालं. म्हणजे तुमच्या चालू खेळातला तुमचा मंत्र एका सकाळी वेगळाच! पुन्हा आरडाओरडा, पुन्हा माघार. ॲपने अपडेटच्या नावाखाली आपलं आवडतं काहीतरी गायब केलंय, असं तुमच्याही बाबतीत झालं असेलच.

म्हणूनच काही हट्टी लोकांनी एक युक्ती केली. अमेरिकी कायद्यात कॉपीराइट नियमांच्या शब्दांवर असतो, नियमामागच्या कल्पनेवर नाही. त्याचा आणि २००० च्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन २००६ मध्ये ‘ओस्रिक’ आलं, जुन्या ‘ॲडव्हान्स्ड’चे नियम नव्या शब्दांत. २००७ ला ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, २०१९ ला ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’. हे शेवटचं म्हणजे आमचेच १९८१ चे नियम, पण इतके नीटनेटके मांडलेले की मास्टरला पानं उलटत बसावं लागत नाही. मूळ पुस्तक उद्या कुणी कपाटात बंद केलं तरी खेळ चालू राहील, एवढी सोय त्यांनी करून ठेवली.

आमचा सीनियर पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बेंगळुरूला चाललाय. ऑनलाइन खेळू म्हणतो, बघू. जाताना तो झेरॉक्सची चौसष्ट पानं आणि फाशांची पिशवी माझ्याकडे ठेवणार आहे. वहीच्या आड बसायची पाळी आता माझी, आणि मला अजून एक धड बोळ आखता येत नाही.

त्याआधी एक शनिवार शिल्लक आहे. नवी व्यक्तिरेखा पाच मिनिटांत तयार झाली. चोर आहे, नाव चंपा, हिट पॉइंट्स तीन. सुरुवातीला मिळालेल्या नाण्यांतून सगळे तलवारी घेत होते. मी यादीत खाली खाली गेले आणि आधी दहा फुटांची लाकडी काठी घेतली. एक सोन्याचं नाणं पडलं. सीनियर काही बोलला नाही, फक्त हसला.