ज्यांची वंशावळ कुणी लिहिलीच नाही

अमेरिकेच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचे शहर आहे. वंशावळींचे जगातील सर्वांत मोठे मानले जाणारे ग्रंथालय तेथे आहे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाने १८९४ साली या कामासाठी संस्था काढली. १९३८ पासून तिने देशोदेशींची चर्चची, कोर्टाची आणि जनगणनेची जुनी दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरवून घेतली. अशी सुमारे २४ लाख रिळे जमली आणि २०२१ मध्ये ती सर्व संगणकावर आली. तेथे कुणीही जावे, फी न भरता आपल्या पणज्या-खापरपणज्याचे नाव शोधावे. या खटाटोपामागे मेलेल्या पूर्वजांनाही बाप्तिस्मा देता येतो ही त्यांची श्रद्धा आहे. आम्हा बौद्धांना अशी श्रद्धा पटणारी नाही. पण कागद जपून तो सर्वांना खुला करण्याची त्यांची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

या ग्रंथालयात गोरा माणूस गेला तर त्याला तीन-चारशे वर्षांपूर्वीचा पूर्वज सापडू शकतो. काळा माणूस गेला तर तो १८७० सालाच्या भिंतीवर आदळतो. का? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्यात मालकाचे नाव लिहिले. गुलामाचे वय लिहिले, लिंग लिहिले, रंग लिहिला. त्याचे नाव मात्र क्वचितच कुठे लिहिले गेले. गोठ्यातल्या गुरांची मोजदाद करावी तशी ती माणसांची मोजदाद होती! गुलामगिरी संपल्यावर, १८७० च्या जनगणनेत, त्यांची नावे पहिल्यांदा माणसांसारखी लिहिली गेली.

पण काळा समाज त्या भिंतीपाशी रडत बसला नाही. गुलामांच्या बाजारात ताटातूट झालेल्या आया आपली लेकरे शोधण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिल्या. १९७६ साली ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' आले आणि घराघरांत मुळांचा शोध सुरू झाला. १८६५ साली मुक्त गुलामांसाठी निघालेल्या 'फ्रीडमन्स ब्युरो' या सरकारी खात्याच्या दप्तरात लग्नांच्या, मजुरीच्या करारांच्या, शिध्याच्या नोंदी होत्या. २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी ती पाने वाचून सुमारे १८ लाख नावांची सूची तयार केली. ज्या मॉर्मन पंथाने १९७८ पर्यंत काळ्यांना पौरोहित्याचा अधिकार दिला नव्हता, त्याच पंथाच्या संस्थेला या कामात हात लावावा लागला. इतिहास असाही सूड घेतो.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात वंशावळी नव्हत्या असे नाही. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या आहेत. विसाव्या शतकात अनेक ब्राह्मण घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. त्यात आपली नावे कशी असणार? ज्या नाशिकात काळाराम मंदिराच्या दारात जाण्यासाठी १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, तेथील उपाध्याय आमच्या आज्याचे नाव चोपडीत लिहून घेणार होता काय? धर्माने आम्हाला जात दिली, पण वंशावळ दिली नाही.

तरीही आपली नावे कुठेच नाहीत, हा समज खोटा आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. महार वतनाच्या कागदांत वतनदारांची नावे आहेत. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले आणि जे १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आले, त्याच वतनाचे कागद आज नातवंडांच्या उपयोगी पडतात. कोतवाल बुकात, गाव नमुना नंबर १४ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव १९१४ या क्रमांकावर दाखल झाले. ते रजिस्टर कुणीतरी जपले, म्हणून आज ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस आहे. एका नोंदीची किंमत काय असते, ते यावरून समजावे.

हा नुसता हौसेचा विषय नाही. जात पडताळणीचा महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा २००१ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरून त्या आधीचा पुरावा मागितला जातो. वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. बोगस दाखले घेऊन आमच्या जागा लाटणारे आहेत, म्हणून पडताळणी हवीच; माझा तिला विरोध नाही. प्रश्न असा आहे की, ज्यांना शतकानुशतके लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच सर्वांत जुना लिखित पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांच्या नावे जमीन नव्हती, जन्माची नोंद झाली ती फक्त पहिल्या नावाने आणि पुढे 'महार' असे लिहून. आडनाव तिसऱ्या पिढीत आले. मग तो 'राघू महार' म्हणजे याच मुलाचा पणजोबा, हे सिद्ध कसे करायचे? आणि १९५६ साली जे नाव आपण नागपुरात टाकून आलो, तेच हक्कासाठी दप्तरातून उकरून काढावे लागते, हे दुखणे वेगळेच.

अमेरिकेत जनगणनेची मूळ पाने ७२ वर्षांनी लोकांना खुली होतात. १९५० ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ ही कागदपत्रे पाहूही देत नाही आणि पुराव्यातही घेऊ देत नाही. म्हणजे उरली ती तहसीलची रेकॉर्ड रूम. माझे पक्षकार तेथे हेलपाटे घालतात. रजिस्टरला वाळवी लागलेली असते, पान फाटलेले असते, नोंद मोडीत असते आणि मोडी वाचणारा कुणी नसतो. मग 'अभिलेख आढळून येत नाही' असा कागद हातात पडतो. अभिलेख सांभाळायचा सरकारने, हरवायचा सरकारने आणि शिक्षा भोगायची ती बारावी झालेल्या मुलीने!

सरकारला हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. कलेक्टर कचेऱ्या कामाला लागल्या, मोडी जाणकार बोलावले गेले, लाखो नोंदी शोधून संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. त्या शोधल्या याबद्दल आमची तक्रार नाही. पण इच्छा असली की वाळवी लागलेले दप्तरही वाचता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मग हीच तत्परता अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी का नको? १९५० पूर्वीची सर्व जन्म-मृत्यू रजिस्टरे, शाळांची रजिस्टरे आणि वतनाचे कागद स्कॅन करून विनामूल्य खुले करावेत. जेथे दप्तर सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाले, तेथे त्याचा भार अर्जदारावर टाकू नये. ही मागणी प्रत्येक निवेदनात, प्रत्येक मोर्चात आली पाहिजे.

पण सरकारकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. घरातले सर्वांत वयस्क माणूस आज हयात आहे तोवर त्यांच्याजवळ बसा. चार पिढ्यांची नावे, मूळ गाव, मुंबईत कोणत्या चाळीत आले, कोणत्या गिरणीत लागले, हे सर्व वहीत लिहा. गावच्या शाळेतून पणजोबांचा उतारा साक्षांकित करून घ्या. वतनाच्या जमिनीचे फेरफार काढा. कुणाची जमीन कुणाच्या घशात गेली तेही त्यातून कळेल. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत ठेवा; तो मोठा पुरावा आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. शपथपत्रावरची वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते; तिच्यात आजीला चौकट नसते. डोक्यावर शेणाची पाटी वाहून जिने पोरांना शाळेत घातले, तिचे नाव सरकार विचारत नाही म्हणून आपणही लिहायचे नाही काय? आपल्या वहीत आज्या-पणज्यांची नावे आधी लिहा. मनूच्या पोथीत त्यांना जागा नव्हती. आपल्या वहीत ती असलीच पाहिजे.

प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट असावे. त्यात वस्तीतल्या प्रत्येक घराची एक वही असावी आणि कागदांच्या प्रती असाव्यात. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन होते, त्याच तीन महिन्यांत तरुणांनी हे काम हाती घ्यावे. ज्यांची वंशावळ कुणी लिहिली नाही, त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहायची असते. लेखणी बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेलीच आहे.

जयभीम!