वाचाघात : घरातले वडीलधारे अचानक बोलेनासे झाले तर?



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील उन्हाळ्यात इकडे अमेरिकेत राहायला येतात. समजा, एखाद्या सकाळी आईला शब्दच सुचेनात, किंवा ती चहाला 'चप्पल' म्हणू लागली, तर? "दमली असेल" म्हणून वाट पाहू नका. हा पक्षाघाताचा झटका असू शकतो. ताबडतोब ९११ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात.

मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते, त्याला वाचाघात (अ‍ॅफेझिया) म्हणतात. पक्षाघाताच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तो होतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डावी बाजू करते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्याला जवळजवळ 'तां' एवढेच बोलता येई अशा रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. अशा रुग्णाला बरेचसे कळते, पण बोलणे जमत नाही. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णिला. त्यात रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही.

दोन भाषा येणाऱ्यांच्या बहुधा दोन्ही भाषा बिघडतात, पण नेहमीच सारख्या प्रमाणात नाही. म्हणून तपासणी फक्त इंग्रजीत झाली, तर मराठीत वावरणाऱ्या आईची खरी स्थिती कळणारच नाही. तिची भाषा मराठी आहे हे डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टना आवर्जून सांगा व दुभाषा मागा. बहुतेक रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो. नातवंडांना दुभाषा करू नका. घरची माणसे प्रेमापोटी आजीच्या चुका नकळत सुधारून सांगतात, आणि डॉक्टरांना तर त्या चुकाच ऐकायच्या असतात.

घरी टीव्ही बंद ठेवून, छोट्या वाक्यांत, सावकाश बोला. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. फोटो दाखवा, खाणाखुणा करा. त्यांचे वाक्य घाईने पुरे करू नका. बोलता न येणारे काहीजण पाठ असलेली आरती मात्र म्हणू शकतात. तीही म्हणू द्या.

आणि एक लक्षात ठेवा : शब्द गेले म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. आईसमोर आईविषयी बोलू नका, आईशी बोला.