हिवाळ्यानंतरचं पहिलं पाणी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात टॉवर नावाचं छोटं गाव आहे. २ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथे पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. राज्याचा तो आजवरचा नीचांक. एरवीही त्या भागात जानेवारीतल्या रात्री उणे वीसच्या खाली जाणं नवलाचं नाही. अशा थंडीत कितीतरी घरांच्या अंगणात, आच्छादनाखाली, ट्रॅव्हल ट्रेलर पाच-सहा महिने उभा असतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, बेसिन, शॉवर, संडास, गीझर आणि पाण्याची टाकी, सगळं बेताच्या जागेत बसवलेलं. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेच्या सुट्टीला, सहलींचा हंगाम सुरू होतो. त्याआधी या घराचं पाणी पुन्हा सुरू करावं लागतं. हंगामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि अनेकदा सगळ्यात घाईत उरकलं जाणारंही हेच. नळ सोडला, पाणी आलं, म्हणजे झालं असं नसतं. आधी काय आणि मग काय, हे इथे पाण्याच्या गुणधर्मांनीच ठरवून दिलेलं आहे.

थंडीत या नळांचं नेमकं काय होतं, ते आधी पाहू. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मोकळी जागा जास्त राहते. त्यामुळे बर्फाचं आकारमान पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. म्हणून पाईप फुटतो, असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अपुरं. इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं, की बर्फ जिथे धरतो तिथेच पाईप फुटतो असं नाही. पाईपात आडवा अडकलेला बर्फ वाढत जातो आणि पुढचं, अजून न गोठलेलं पाणी बंद नळाकडे रेटतो. त्या कोंडलेल्या पाण्याला पळायला वाट नसते. त्याचा दाब चढत जातो आणि सगळ्यात कमजोर जागा शोधून तो बाहेर पडतो. दाब किती चढू शकतो? उणे २२ अंशांना बर्फ बनण्याची प्रक्रिया रोखून धरायची तर वातावरणाच्या सुमारे दोन हजार पट दाब लागतो. प्लास्टिकच्या सांध्याने त्यापुढे किती तग धरावा?

हल्लीच्या ट्रेलरमध्ये पाईप पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकचे असतात. ते थोडे ताणले जातात आणि अनेकदा वाचतात. वाचत नाहीत ते सांधे, पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं, नळाच्या आतला भाग आणि संडासाचा व्हॉल्व्ह. म्हणजे फुटणारी प्रत्येक गोष्ट कपाटामागे, फळीखाली किंवा ओट्याच्या पोटात. नजरेला पडणारा पाईप धडधाकट आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही.

हे टाळण्यासाठी शरद ऋतूत जाणकार माणूस सगळं पाणी काढून टाकतो आणि नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतो. हा बहुधा प्रॉपिलिन ग्लायकॉल असतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पडतो तो सहसा एथिलिन ग्लायकॉल. नावं भावंडांसारखी, पण शरीरातली वाट अगदी वेगळी. प्रॉपिलिन ग्लायकॉलचं यकृतात लॅक्टिक आम्ल होतं, जे शरीराच्या ओळखीचं आहे. एथिलिन ग्लायकॉलचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. याच घराण्यातल्या डायएथिलिन ग्लायकॉलने १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाच्या पातळ मिश्रणातून शंभराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा बदलला. आपल्याकडे १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला तो त्यासाठीच. हे सांगायचं कारण असं, की पिण्याच्या नळात काय भरायचं हे रंगावरून ठरवू नये. गुलाबी रंग हा वरून घातलेला असतो, रसायनाचा तो गुणधर्म नव्हे. काही गुलाबी द्रवांत तर ज्वालाग्राही अल्कोहोल असतं. डब्यावरची घटकांची यादी वाचलीच पाहिजे.

प्रॉपिलिन ग्लायकॉल विषारी नाही, मग थोडा राहिला नळात तर बिघडलं कुठे? इथेच बरेच लोक फसतात. दाट असताना ग्लायकॉल जिवाणूंना वाढू देत नाही. पण त्यात पाणी मिसळून तो पातळ झाला, की तोच त्यांचं आवडीचं अन्न होतो. विमानांवरचा बर्फ उतरवायला वापरलेला ग्लायकॉल ओढ्यात गेला, तर तो पचवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात, म्हणून विमानतळांना हे पाणी अडवून त्यावर प्रक्रिया करावी लागते. शिवाय जंतू मारायला नंतर घालायच्या ब्लीचमधला क्लोरीन अशा सेंद्रिय उरल्यासुरल्यावरच खर्ची पडतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे टाकीत स्वच्छ पाणी घ्यायचं आणि गार आणि गरम पाण्याचा प्रत्येक नळ, शॉवर, बाहेरचा शॉवर, संडासाचा फ्लश, सगळं फेस आणि गुलाबी छटा जाईपर्यंत वाहू द्यायचं. बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो. भरण्यासाठी बागेतली रबरी नळी नको, पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी मिळते ती घ्यावी.

यानंतर सगळे नळ बंद करून कान द्यायचा. ट्रेलरमधला पंप १२ व्होल्टवर चालतो. नळ सोडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढून वातावरणाच्या तीन-चार पट झाला, की तो आपोआप थांबतो. सगळे नळ बंद असतील तर तो थांबलेलाच राहायला हवा. पाच-दहा मिनिटांनी पंप क्षणभर घुरघुरला, तर कुठून तरी पाणी निसटतंय. टपकणारा सांधा, संडासाचा व्हॉल्व्ह किंवा पंपातलाच झडपेचा दोष, यांपैकी एक. मग कोरडा कागदी रुमाल घेऊन एकेक सांधा पुसत जायचं. कागद ओला झाला तिथे गळती. वर्षानुवर्षं लाकडात मुरणारं पाणी फळ्या कुजवतं आणि मालकाला ते कळतं जमीन दबायला लागल्यावर. या दहा मिनिटांच्या शांततेइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. ही तपासणी ब्लीच घालायच्या आधीच करावी. गळका सांधा सापडला तर तो उघडताना हातावर, कपड्यांवर आणि फळ्यांवर क्लोरीनचं पाणी येऊ नये. छावणीच्या नळाला जोडणार असाल तर दाब नियंत्रित करणारं छोटं उपकरण मधे असावं. सार्वजनिक नळाचा दाब किती असेल याची हमी कुणी देत नाही.

आता जिवाणू. साचलेल्या पाण्यात ते नुसते तरंगत बसत नाहीत, टाकीच्या आणि पाईपांच्या भिंतींना चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करांचा बुळबुळीत थर उभारतात. या थराच्या आतल्या जिवाणूला मारायला मोकळ्या जिवाणूच्या कितीतरी पट क्लोरीन लागतो. साचलेल्या पाण्याचा धडा अमेरिकेला १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात मिळाला. माजी सैनिकांच्या संमेलनाला आलेल्यांपैकी १८२ जण न्यूमोनियासारख्या आजाराने आजारी पडले आणि २९ जण मृत्युमुखी पडले. पुढच्या जानेवारीत रोगनियंत्रण केंद्राच्या जोसेफ मॅकडेड यांनी कारण सापडल्याचं जाहीर केलं. तो लिजिओनेला नावाचा जिवाणू होता. तो पोटातून नव्हे, श्वासातून लागतो. शॉवरच्या बारीक तुषारांवर बसून तो फुप्फुसात पोचतो. २० ते ४५ अंश तापमानात तो जोमाने वाढतो. म्हणजे हिवाळ्यात तो सुस्त असतो. खरी वेळ येते ती मे-जूनमध्ये, उन्हात तापलेल्या ट्रेलरच्या नळांत. पाणी पारदर्शक आहे आणि वास येत नाही, एवढ्यावर विसंबायचं नाही, ते याचसाठी.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. १९०८ मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन कायमस्वरूपी वापरायला डॉ. जॉन लील यांनी सुरुवात केली. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरिएट चिक यांनी दाखवलं, की जंतू मरण्याचा वेग ठरावीक नियमाने चालतो. त्यातूनच पुढे, तीव्रता आणि वेळ एकमेकांची भर काढतात, हा हिशेब रूढ झाला. ट्रेलरसाठीचा नेहमीचा ठोकताळा त्यावरच उभा आहे. ५७ लिटर पाण्याला पाव कप, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर साधं घरगुती ब्लीच घ्यायचं आणि ते नळांत किमान चार तास राहू द्यायचं. त्यातून लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पिण्याच्या पाण्यात अमेरिकेत परवानगी आहे ४ मिलिग्रॅमची, म्हणून नंतर भरपूर धुणं ओघानेच आलं. हल्ली काही ब्लीच ८ टक्क्यांहून तीव्र मिळतं, ते असेल तर मात्रा कमी. एक-दोन वर्षं कपाटात पडलेल्या बाटलीचा जोर मात्र उतरलेला असतो. सुगंधी किंवा घट्ट केलेलं ब्लीच पूर्ण वर्ज्य. आधी बादलीभर पाण्यात मिसळावं आणि मगच टाकीत ओतावं. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्यावं आणि मग थांबावं. त्याआधी कोळशाचा फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर त्यातला सक्रिय कोळसा क्लोरीनचा नाश करतो आणि पुढचे नळ शुद्ध न होताच राहतात. गीझरमधले क्षार काढायला काही जण व्हिनेगर वापरतात. ते काम वेगळ्या दिवशी करावं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि ट्रेलरएवढ्या कोंदट जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. धुतलेलं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. माशांना फार थोडा क्लोरीनही पुरतो.

शेवटी गीझर. हिवाळ्यात एक व्हॉल्व्ह फिरवून त्याला वळसा घालून ठेवलेलं असतं, म्हणजे अँटिफ्रीझ त्याच्या २३ लिटरच्या टाकीत वाया जाऊ नये. वसंतात तो व्हॉल्व्ह परत फिरवायचा, गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरायची, आणि तोपर्यंत बटण दाबायचं नाही. साधारण १४०० वॅटची ती विजेची कांडी पाण्याने वेढलेली असेल तरच टिकते. कोरड्या टाकीत ती काही सेकंदांत जळते. पोलादी टाकी असेल तर मॅग्नेशियमची कांडीही काढून पाहावी. मॅग्नेशियम पोलादाआधी झिजतं आणि टाकी वाचते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांचे तांब्याचे पत्रे वाचवायला हीच युक्ती सुचवली होती. कांडी बहुतेक झिजली असेल तर नवी बसवायची. ॲल्युमिनियमच्या टाकीला ती लागत नाही. गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येत असेल, तर सल्फेटवर जगणारे जिवाणू आत बसलेत असं समजावं. तेव्हा निर्जंतुकीकरणाचं पाणी गीझरच्या टाकीतूनही फिरवायला हवं.

हे सगळं झालं की फिल्टरमध्ये नवा कोळसा बसवता येतो. जुलैच्या उन्हात ट्रेलर दोन-तीन आठवडे भरलेल्या टाकीसह उभा राहिला, तर टाकी रिकामी करून हाच क्लोरीनचा टप्पा पुन्हा करावा लागतो, कारण नळाच्या पाण्यासोबत आलेला क्लोरीन तोवर उडून गेलेला असतो.